शब्दापुढची कट्यार

पाद्रीसाहेब स्वयंपाकघरात उतरतात ते फक्त शब्दांसाठी.
मटणाची चौकशी वरूनच, घंटी वाजवून होते.

आज आले. कानामागे पेन्सिल,
हातात पत्त्यांएवढे कोरे कागद.
म्हणाले, केझाया, तू आत्ता जे करते आहेस
त्याला तुझी आई काय म्हणायची?
मी म्हटलं, सीद.
मटण सीद करायचं, वाटाणे सीद करायचे,
सोमवारी चादरीसुद्धा.
त्यांचे डोळे असे लकाकले
जणू पातेल्यातून मी सोन्याचं नाणं काढून दाखवलं.

मग चुलीकडे पाठ करून, कोटाचे पल्ले शेकत
ते मला माझाच शब्द शिकवू लागले:
हजार वर्षांपूर्वी होड्यांतून आला म्हणे,
तेव्हा नाव जरा लांब होतं, सेओथन.
समुद्रापलीकडे जर्मन मुलखात त्याची भावंडं
अजून पाणी तापवत बसली आहेत.
काल उकळलं ते सॉड,
उकळून झालेलं ते सॉडन.
मग फ्रान्सहून बॉइल नावाचा रुबाबदार गडी आला,
मालकांच्या जेवणघरातून जिना उतरून खाली,
आणि आमची चूल बळकावून बसला.
आणि जुना सीद?
तो गेला माणसांत राहायला.
आता राग तेवढा सीद होतो, म्हणाले,
भांडं गेलं, वाफ गेली, खदखद राहिली.

कुणाचा राग, मी विचारलं नाही.

पहिल्या अर्थापुढे त्यांनी पेन्सिलीने
एक बारीकशी कट्यार काढली.
म्हणजे मेलेला. कोणी वापरत नाही.
मला काही ती कट्यार दिसेना.
मला दिसला क्रूस,
मंगळवारी जेबेझच्या डोक्याशी ठोकला तसा, दोन फळ्यांचा.
आणि माझ्या पळीखाली
तो मेलेला शब्द रटरटत होता.

जेबेझ माझ्या पाठचा. पाणथळीत चर खणायचा.
तिसऱ्या दिवशी झडपेपाशी सापडला,
बुटांत शेवाळ, खिशात पावाचा लगदा.
पुरताना पाऊस होता,
मोठा नाही, चाळलेल्या पिठासारखा.
पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेची दोन पानं एकदम उलटली.
त्यांना वाटतं मला वाचता येत नाही.
येतच नाही. पण किती वेळ लागतो ते मला पाठ आहे.
आई, बाप, माझी दोन बाळं,
चारदा उभी राहिले आहे मी तिथे.

माझ्यामागोमाग घरी आले,
दारातच छत्री माझ्या हातात देत म्हणाले,
केझाया, मी अगदी सॉडन झालोय.

आज सांगतात, त्याचा अर्थ हल्ली भिजून चिंब.
आधी उकळून लिबलिबीत झालेलं मांस,
मग नुसतंच लिबलिबीत,
मग ओलं.
अर्थ हळूहळू निवत गेला म्हणे.
बाप राग झाला, लेक पाणी झाली,
रस्त्यात भेटले तरी ओळख देत नाहीत.

मंगळवारी मला हे कुठे ठाऊक?
मला आईचाच अर्थ लागला:
साहेब म्हणतात, मी शिजलोय.
काळ्या कपड्यांत, गळकी छत्री धरून
मी हसणारच होते,
मोठ्यानं, अगदी आचरटासारखी.
मग जेबेझ आठवला. तोही सॉडनच की,
त्यांच्या अर्थाने.
हसू परत आत गेलं
आणि आत जाऊन त्याचं काय झालं, मला सांगता यायचं नाही.

आता ते नवा कागद घेऊन विचारतात,
रागाच्या अर्थासाठी एखादं वाक्य देशील?
तुम्हा लोकांच्या बोलण्यातलं, साधंसं.
मी पळी काठावर आपटली, दोनदा.
म्हटलं, नाही सुचत, साहेब.
त्यांनी काहीतरी लिहिलं.
जेवण किती वाजता, म्हणाले, आणि जिना चढून गेले.

मी झाकण बोटभर सरकवलं.
एवढं केलं की उतू जात नाही.
आईनेच दाखवलेलं.
या सरकवण्याला ती काय म्हणायची,
ते कुणी विचारलंच नाही.